सपाता कुणी आणायच्या?

सातवीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी 'ती फुलराणी'मधलं मंजुळाचं ते प्रसिद्ध स्वगत केलं होतं. वाचणाऱ्यांपैकी निम्म्या मुलींनी ते कधी ना कधी केलं असेल, आणि उरलेल्यांनी दुसऱ्या मुलींना करताना कंटाळून पाहिलं असेल. महाराष्ट्रात कुठेही एकपात्री स्पर्धा असू दे, तासाला एक मंजुळा येतेच येते. माझी निवड मात्र अभिनयासाठी झाली नव्हती. आमच्या बाई लग्न होऊन पुण्याहून जळगावकडे आलेल्या. त्या दुसऱ्या बाईंना म्हणाल्या, "हिला वेगळं काही शिकवायला नको, हिचं बोलणं तसंच आहे." मी दाराबाहेर उभी होते, ऐकलं. पुढे मला पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. तो अजून आईकडे आहे, शेंगदाण्याच्या कुटाचा.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मागचा शनिवार-रविवार. शुक्रवारी रिलीज चक्क वेळेवर गेलं, बाहेर पाऊस, कुठे जायची इच्छा नव्हती. तर मी ठरवून एक उद्योग केला. पु. लं.नी ज्याच्यावरून १९७५ साली 'ती फुलराणी' केलं ते बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' नाटक आधी वाचून काढलं. मग त्याच्यावरचा १९३८चा कृष्णधवल चित्रपट बघितला, आणि रविवारी १९६४चा 'माय फेअर लेडी'. हा शेवटचा मी कॉलेजात असताना दोनदा पाहिला होता आणि तेव्हा जाम आवडला होता. या वेळी शेवटच्या दोन मिनिटांत इतकी चिडले की हातातला चहा तसाच गार झाला.

गोष्ट बहुतेकांना माहीत असते, तरी पटकन सांगते. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये रस्त्यावर फुलं विकणारी एलायझा डूलिटल. तिचं बोलणं म्हणजे कॉकनी, लंडनच्या गरीब वस्तीचं. भाषाशास्त्राचे प्रोफेसर हिगिन्स पावसात आडोशाला उभे राहून लोकांचे उच्चार वहीत टिपतायत आणि कोण कुठल्या गल्लीतला ते सांगतायत. ते कर्नल पिकरिंगला म्हणतात, हिचे उच्चार सुधारून मी हिला सरदार घराण्यातली बाई म्हणून खपवून दाखवीन. पैज लागते. सहा महिने उच्चारांची घोटाई होते. पैज जिंकली जाते. आणि मग प्रश्न येतो की आता या मुलीचं करायचं काय?

इथे एक गोष्ट लोक विसरतात, मी पण विसरले होते. एलायझाला कुणी पकडून आणलेलं नसतं. ती दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून स्वतः हिगिन्सच्या घरी येते आणि शिकवणीची फी म्हणून एक शिलिंग देऊ करते. हिगिन्स हिशोब करून सांगतो की ही तिच्या दिवसाच्या कमाईची दोन पंचमांश रक्कम झाली, म्हणजे एखाद्या लक्षाधीशाने साठ पौंड द्यावेत तसं. आणि तिला हवं काय असतं? तिला फक्त फुलांच्या दुकानात नोकरी हवी असते, जी तिच्या बोलण्यामुळे मिळत नसते. आमच्या भाषेत सांगायचं तर क्लायंटची रिक्वायरमेंट एका ओळीची होती. स्कोप वाढवला तो या दोन बाप्यांनी, आणि तोही आपल्या करमणुकीसाठी. प्रोजेक्ट डिलिव्हर झाल्यावर दोघं एकमेकांचं अभिनंदन करतात आणि जिच्यावर प्रोजेक्ट झालं ती कोपऱ्यात उभी असते.

शॉ स्वतः डब्लिनचा. विशीत लंडनला आलेला आयरिश माणूस. म्हणजे इंग्रज माणूस तोंड उघडतो आणि त्याची जात कळते हे त्याला बाहेरून आल्यामुळे जास्त दिसलं असणार. पुढे १९३० च्या दशकात बीबीसीने निवेदकांचे उच्चार ठरवायला नेमलेल्या समितीचा हाच माणूस अध्यक्ष होता! म्हणजे हिगिन्सची खुर्ची शेवटी त्यालाच मिळाली. गंमत आहे.

नाटक पहिल्यांदा झालं ते व्हिएन्नात, जर्मन भाषेत, १९१३ साली. लंडनला एप्रिल १९१४ मध्ये आलं. एलायझाचं काम केलं मिसेस पॅट्रिक कॅम्पबेलनी, तेव्हा त्या ४९ वर्षांच्या होत्या. हिगिन्स होते हर्बर्ट बिअरबोम ट्री, थिएटरचे मालकही तेच. आणि शेवट बिघडवायला सुरुवात झाली ती तिथूनच. शॉने लिहिलेल्या शेवटात एलायझा हिगिन्सला सोडून निघून जाते. तो तिला मागून फर्मान सोडतो, येताना हॅम आण, चीज आण, माझ्यासाठी हातमोजे आण. ती म्हणते तुमचं तुम्ही आणा, आणि बाहेर. ट्रीसाहेबांना हे रुचलं नाही. ते रोज पडदा पडायच्या आधी जाणाऱ्या एलायझाच्या दिशेने फुलं फेकायचे, म्हणजे प्रेक्षक खूश होऊन घरी जायचे की चला, जमलं म्हणायचं यांचं. शॉ भडकला. ट्रीचं उत्तर होतं की माझ्या शेवटामुळे गल्ला भरतोय, उपकार मान. शॉने उलट कळवलं की अशा शेवटाबद्दल तुला गोळ्या घालायला हव्यात.

१९१६ मध्ये नाटक पुस्तकरूपाने आलं तेव्हा शॉने मागे एक लांबलचक पुरवणीच जोडली. एलायझा हिगिन्सशी लग्न का करणार नाही, फ्रेडीशीच का करेल, पिकरिंगच्या पैशाने फुलांचं दुकान कसं काढेल, ते सुरुवातीला कसं चालणार नाही, हिशोब शिकायला दोघं क्लासला कशी जातील... सगळं. आपला कोड कुणीतरी चुकीचा वापरतोय म्हटल्यावर माणूस जसा चाळीस पानी डॉक्युमेंटेशन लिहितो, तसं. आणि त्या डॉक्युमेंटेशनचं जे नेहमी होतं तेच झालं.

आता १९३८च्या चित्रपटाकडे. शॉ सिनेमावाल्यांना नाटकं द्यायला सहजी तयार नसायचा. गॅब्रिएल पास्कल नावाच्या एका हंगेरियन निर्मात्याने त्याला कसं पटवलं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. दिग्दर्शन अँथनी अ‍ॅस्क्विथ आणि लेस्ली हॉवर्ड या दोघांचं, हिगिन्स स्वतः हॉवर्ड, एलायझा वेंडी हिलर, आणि संकलक कोण तर पुढे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' करणारा डेव्हिड लीन. पटकथेबद्दल शॉला आणखी तिघांबरोबर ऑस्कर मिळालं. नोबेल त्याला १९२५चं मिळालेलंच होतं.

हा चित्रपट भारी आहे. खरंच. नाटकावरचा सिनेमा म्हटलं की मला धास्ती वाटते ती 'मोकळं करण्याची'. नाटक एका दिवाणखान्यात घडतं, मग दिग्दर्शकाला वाटतं की बाई, कॅमेरा आहे तर जरा बाहेर फिरवून आणू. ऑस्कर वाइल्डच्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'चं बघा. १९५२ साली याच अ‍ॅस्क्विथने तो केला तेव्हा सरळ थिएटरमध्ये बसलेले प्रेक्षक आणि वर जाणारा पडदा दाखवून सुरुवात केली. हे नाटक आहे, नाटकासारखंच बघा. एडिथ इव्हान्स बाई त्यात एकेक शब्द असा उच्चारतात की बाहेरच्या हिरवळीची आठवणही येत नाही. उलट २००२च्या ऑलिव्हर पार्करच्या चित्रपटात गरम हवेचा फुगा काय, पार्श्वभागावर गोंदणं काय, कलाकार सगळे मोठमोठे, आणि वाइल्डची वाक्यं मात्र या धावपळीत कुठेतरी सांडून जातात. ज्या नाटकात लोक फक्त बोलतात आणि बोलण्यातच सगळं घडतं, त्यांना पळवून काय मिळतं मला कळत नाही.

पण 'पिग्मॅलियन'मध्ये बाहेर नेण्याला अर्थ आहे, कारण नाटकाने एक मोठी गोष्ट पडद्याआड ठेवली आहे. मूळ नाटकात पैज कशी जिंकली जाते ते आपल्याला दिसतच नाही. तिसऱ्या अंकात एलायझा हिगिन्सच्या आईकडे चहाला जाते, उच्चार एकदम घोटलेले, पण विषय काय तर तिची मावशी इन्फ्लुएंझाने मेली नाही, घरच्यांनीच तिला खलास केलं. (उच्चार दुरुस्त करता येतात, मावशी कुठे जाणार!) आणि चौथा अंक उघडतो तो थेट मध्यरात्री, तिघं दमून घरी आलेत. मधला समारंभ गायब. तो शॉने १९३८च्या चित्रपटासाठी नव्याने लिहिला. वकिलातीतला नाच, झुंबरं, जिने, आणि त्या गर्दीत कारपाथी नावाचा एक हंगेरियन, हिगिन्सचा जुना विद्यार्थी. याचा धंदाच लोकांच्या उच्चारांवरून त्यांची कुळं काढायचा. तो एलायझाशी बोलतो आणि येऊन जाहीर करतो की ही बाई इंग्रज असूच शकत नाही. का? तर हिचं इंग्रजी फारच शुद्ध आहे. खरे इंग्रज इतकं चांगलं बोलत नाहीत, ज्यांना शिकवलं जातं तेच असं बोलतात. म्हणजे ही परदेशी. म्हणजे ही हंगेरीची राजकन्या!

इथे मी चित्रपट थांबवला आणि पाच मिनिटं खिडकीत जाऊन उभी राहिले.

कारण हे माझ्याबाबतीत झालंय. राजकन्या वगळून. नोकरीला लागल्यावर आमच्या बॅचला चार आठवडे 'व्हॉइस अँड अ‍ॅक्सेंट' होतं. व्ही म्हणताना ओठाला दात लावा, डब्ल्यू म्हणताना ओठांचा चंबू करा. आपापली वाक्यं रेकॉर्ड करायची आणि सगळ्यांसमोर ऐकायची. आमचं ध्येय होतं 'न्यूट्रल' उच्चार, म्हणजे आपण कुठले आहोत ते समोरच्याला कळू नये. मी मन लावून केलं. मला त्याची सवय होती, कारण हे माझं दुसरं ट्रेनिंग होतं. पहिलं पुण्यात हॉस्टेलवर झालं होतं, फुकट. मी 'पानी' म्हटलं की मैत्रिणी हसायच्या. दुष्टपणाने नाही, गंमत म्हणून. 'आनि', 'लोनी', 'कोन'. तीन महिन्यांत माझा ण असा काही बसला की आजही कुणी 'पानी' म्हटलं तर माझ्या कानाला आधी ते लागतं आणि मग लाज वाटते. लाज कशाची ते विचारू नका, दोन्हीची.

तर गेल्या वर्षी एका कॉलवर, मीटिंग सुरू व्हायच्या आधी, पलीकडच्या बाई अगदी प्रेमाने म्हणाल्या की तुझं इंग्रजी फार सुंदर आहे, कुठे शिकलीस? मी खूश. दिवसभर खूश. रात्री भांडी विसळताना डोक्यात आलं की त्यांच्या ऑफिसातल्या कुणाला त्या असं विचारतील का? ज्याची भाषा आहे त्याला कुणी 'कुठे शिकलास' विचारत नाही. कारपाथीने मला बरोब्बर पकडलं होतं, आणि मी थँक्यू म्हटलं होतं.

म्हणून मला वाटतं की चित्रपटाने नाटकाला दिलेली ही सगळ्यात मोठी भेट आहे. रंगमंचावर हे जमलं नसतं असं नाही, पण चित्रपटात वेंडी हिलरचा चेहरा जवळून दिसतो. ती जिना चढते तेव्हा ती यशस्वी वाटत नाही, ती झोपेत चालल्यासारखी वाटते. जपून. एकेक शब्द मोजून. परीक्षेत सगळे प्रश्न येत असताना पण आपण पेन घट्ट धरतो ना, तसं.

'माय फेअर लेडी'त हाच प्रसंग जास्त भव्य आहे आणि कारपाथी आहेच, पण चेहऱ्यापेक्षा कपडे जास्त दिसतात. तो चित्रपट मुळात संगीतिकेवरून आलेला. लर्नर आणि लो या जोडीने ती १९५६ साली ब्रॉडवेवर आणली, शॉ १९५० मध्ये गेल्यानंतर. जिवंतपणी त्याने कुणाला हे करू दिलं नव्हतं, कारण त्याच्या आधीच्या एका नाटकावरून केलेल्या संगीतिकेचा त्याने धसका घेतला होता. ब्रॉडवेवर २,७१७ प्रयोग झाले. जॉर्ज क्यूकरच्या चित्रपटाला आठ ऑस्कर. मला त्यातला रेसकोर्सचा प्रसंग अजूनही आवडतो, आणि तो रूपांतर म्हणूनही हुशार आहे. १९१४ साली चहाच्या प्रसंगात एलायझाच्या तोंडी एक शिवी होती, तिने लंडन हादरलं होतं. १९५६ पर्यंत त्या शिवीत काही दम उरला नव्हता. मग यांनी चहापानाच्या जागी अ‍ॅस्कटचं रेसकोर्स आणलं, सगळे उमराव पुतळ्यासारखे काळ्या-पांढऱ्या कपड्यांत, घोडे धावतायत तरी भुवई हलत नाही, आणि मध्येच एलायझा घोड्याला उद्देशून बोंब ठोकते. शब्द बदलला, झटका तोच राहिला. याला मी प्रामाणिक रूपांतर म्हणेन.

पण याच चित्रपटात एक गोष्ट आहे जी पडद्यावर नाही आणि तरी मला पडद्यावरच्यापेक्षा जास्त बोचते. ब्रॉडवेवर एलायझा होती जूली अँड्र्यूज. स्टुडिओने तिला घेतलं नाही, सिनेमात तिचं नाव नव्हतं म्हणून. घेतलं ऑड्री हेपबर्नला. हेपबर्नने गाण्यांची तयारी केली, स्वतःच्या आवाजात ती रेकॉर्डही केली, आणि नंतर त्यातली बहुतेक मार्नी निक्सनच्या आवाजात बदलण्यात आली. म्हणजे बघा, एका मुलीचा आवाज बरा नाही म्हणून दोन पुरुष तो बदलतात अशी गोष्ट, आणि ती करताना नायिकेचा आवाज बरा नाही म्हणून बदलला! हेपबर्नला ऑस्करचं नामांकनसुद्धा मिळालं नाही. त्या वर्षीचं ऑस्कर 'मेरी पॉपिन्स'साठी जूली अँड्र्यूजला गेलं.

हसू येतं, पण चालू कॉलवर आपला उच्चार बदलून पलीकडच्याला अमेरिकन ऐकवणारं सॉफ्टवेअर आता बाजारात आहे. इंजिनियर म्हणून मला त्याचं कौतुक आहे, इतक्या कमी विलंबात हे करणं सोपं नाही. चार आठवड्यांचं ट्रेनिंगही वाचेल, ओठ-दात काही नको. आपण आपलं बोलायचं आणि मार्नी निक्सन पलीकडे पोचायची.

असो. आता मूळ भांडणाकडे.

नाटकाच्या चौथ्या अंकात ते तिघं रात्री परत येतात. हिगिन्स म्हणतो, सुटलो बाबा, फार कंटाळवाणं झालं होतं सगळं. त्याला त्याच्या सपाता सापडत नसतात. एलायझा मुकाट्याने आणून ठेवते, त्याचं लक्षही नाही. आणि मग ती त्याच सपाता त्याच्या तोंडावर फेकते. नाटकातला हा सर्वांत मोठा क्षण. त्यानंतर ती जे विचारते ते पैज, प्रेम, पुरुष या सगळ्यापेक्षा मोठं आहे. मला तुम्ही कशासाठी लायक करून ठेवलंय? आता मी कुठे जाऊ? फुलं विकायला परत जाता येत नाही, आणि दुसरं काही येत नाही. हिगिन्सला प्रश्नच कळत नाही. तो म्हणतो लग्न कर कुणाशी तरी, आई बघेल कुणी. ती सुनावते की पूर्वी मी फुलं विकत होते, स्वतःला नाही. आणि पाचव्या अंकात हिगिन्स स्वतःच तिला सांगतो की बाईने पुरुषाच्या सपाता आणून देणं हा किळसवाणा प्रकार आहे, तू त्या फेकल्यास तेव्हा मला तू जास्त आवडलीस. म्हणजे त्यालाही एवढं तरी कळलेलं आहे.

आणि दोन्ही चित्रपटांचा शेवट काय? एलायझा निघून गेलीये. हिगिन्स एकटा घरी येतो. यंत्रावर तिचा जुना, न सुधारलेला आवाज. मागून ती हळूच येते. तो वळून बघत नाही. खुर्चीत बसल्या बसल्या विचारतो, माझ्या सपाता कुठायत? संगीत. समाप्त.

म्हणजे ज्या सपाता तिने फेकल्या होत्या, त्याच.

१९३८ साली हे शॉच्या पाठीमागे झालं. त्याने चित्रपटासाठी फ्रेडी आणि एलायझा फुलांच्या दुकानात दिसतात असा शेवट लिहून दिला होता. निर्मात्यांनी तो बाजूला ठेवून आपला चित्रित केला आणि चित्रपट लागायच्या बेतात असताना म्हातारबुवांना कळलं. नंतर १९४१ मध्ये त्याने नाटकाची नवी आवृत्ती काढली, चित्रपटाचे नाचाबिचाचे प्रसंग त्यात घेतले, पण शेवट आपलाच ठेवला. इथे तर हिगिन्सच सांगतो की ती फ्रेडीशी लग्न करणार, आणि खो खो हसतो. संगीतिकेच्या वेळी लर्नरने छापलेल्या पुस्तकात सरळ लिहिलं की शॉची पुरवणी मी गाळतोय, कारण त्याचं बरोबर आहे याची मला खात्री नाही. सॉफ्टवेअरमध्ये याला म्हणतात 'बग नाही, फीचर आहे'.

कुणी म्हणेल, अगं सिनेमा आहे, दोन तास दोन सुंदर चेहरे जवळून दाखवल्यावर त्यांना वेगळं करून प्रेक्षकाला घरी पाठवता येतं का? मान्य. क्लोजअपचा हा धर्मच आहे. नाटकात हिगिन्स वीस फुटांवर उभा असतो, तो खेकसतो ते तुम्ही लांबून ऐकता. चित्रपटात लेस्ली हॉवर्डचे डोळे दिसतात आणि माणूस विरघळतो. रेक्स हॅरिसन तर गाण्यात कबूलच करतो की तिच्या चेहऱ्याची सवय झालीये. आणि शॉचीही चूक आहेच. एक तर नाटकाखाली स्वतःच 'रोमान्स' असं लिहून ठेवलं. दुसरं म्हणजे फ्रेडी. तो फ्रेडी इतका बिनकण्याचा लिहिलाय की शॉने पुरवणीत कितीही समजावलं तरी माझं मन काही घेत नाही. एलायझाने हिगिन्सच्या सपाता उचलायच्या नाहीत हे ठीक, पण मग या बावळटाला जन्मभर पोसायचं? शॉला तिचं लग्न लावून देण्याची एवढी घाई का? हिगिन्सच्या आईनेही एवढी केली नाही.

म्हणून माझं मत १९१६च्या छापील नाटकाच्या बाजूने आहे, पुरवणी फाडून टाकून. ती जाते. तो हसत बसतो, त्याला वाटतं येईल परत, आणेल हातमोजे. पडदा. ती कुठे गेली ते आपल्याला माहीत नाही, कारण तिलाही माहीत नाही. चित्रपटांनी या प्रश्नाला उत्तर दिलं, आणि उत्तर चुकीचं आहे यापेक्षा मला राग याचा आला की प्रश्नच पुसला गेला. ती घरी आली म्हणजे 'आता मी कुठली' हा विषय संपला? मी दर दिवाळीला घरी जाते. आईशी बोलताना माझा ण आपोआप निघून जातो, पण हल्ली पूर्ण जात नाही. गेल्या खेपेला ऑफिसचा फोन आला, मी अंगणात जाऊन बोलले, परत आले तर आई वहिनीला म्हणत होती, "बोलत होती तव्हा आपली वाटतच नव्हती." कौतुकानेच म्हणत होती.

२०१८ साली न्यू यॉर्कच्या लिंकन सेंटरने 'माय फेअर लेडी' पुन्हा रंगमंचावर आणलं. दिग्दर्शक बार्टलेट शेर. गाणी तीच, संवाद तेच, सपातांचं वाक्यही तेच. फक्त ते वाक्य झाल्यावर एलायझा हिगिन्सजवळ येते, त्याच्या गालाला हात लावते, आणि रंगमंचावरून उतरून प्रेक्षकांमधून चालत बाहेर निघून जाते. एक शब्द न बदलता. १९६४ मध्ये कॅमेऱ्याला हे करता आलं नसतं असं मला तरी वाटत नाही. तिच्या पाठीवर धरून ठेवला असता तरी चाललं असतं.

रविवारी रात्री रूममेट आली तेव्हा मी शेवटची दहा मिनिटं तिला मुद्दाम परत लावून दाखवली. ती नागपूरची, वऱ्हाडी ढंग तिने हॉस्टेलवर हट्टाने सोडला नाही. बॅग खांद्यावरच ठेवून उभ्या उभ्या बघितलं. सपातांचं वाक्य आलं आणि ती म्हणाली, "याचे पाय मोडले का बे?"

मग आम्ही खिचडी टाकली.